उकिरड्याचा पांग

स्मरणिकेत दरवर्षी माझ्या वाट्याला पाककृतीचे पान येते. या वर्षी चिटणीसबाई म्हणाल्या, पाककृती पुष्कळ झाल्या, आता दुसरे काही लिहा. मी सातवी शिकलेली बाई. मोठाले विषय मला झेपणारे नाहीत. पण हल्ली 'पर्यावरण' हा शब्द ज्याच्या त्याच्या तोंडी आहे, आणि शहरात राहून पर्यावरण राखायचे म्हणजे घरातल्या बाईने नेमके करायचे तरी काय, हा प्रश्न आपल्या बैठकीतही दोनदा निघाला. झाडे लावा, वीज जपा, नळ बंद करा, हे सगळे झाले बोलून. परंतु रोज सकाळी जी वस्तू आपल्याच हाताने दाराबाहेर जाते, तिच्याविषयी कोणी बोलले नाही. म्हणून मी पुण्याच्या कचऱ्याचा इतिहास लिहायला घेतला. विषय ऐकून आमच्या घरात हशा पिकला. राजांचा इतिहास असतो, किल्ल्यांचा असतो, कचऱ्याचा कसला आला आहे! पण वाचनालयातून पुस्तके आणली, इंग्रजी मजकूर थोरल्या मुलीने वाचून समजावला, वडीलधाऱ्यांना विचारले, आणि पाहते तो काय, या इतिहासात धरणे आहेत, तुरुंग आहेत, उपवास आहेत, दुष्काळ आहे आणि बायकांची चळवळही आहे.

जुन्या घरांतून बाहेर टाकण्याजोगे फारसे काही निघतच नसे. माझ्या आजेसासूबाई शनिवार पेठेतल्या वाड्यात नांदल्या. त्यांच्या बोलण्यात 'केर' हा शब्द असे, 'कचरा' क्वचित. केर म्हणजे धूळमाती, चार काड्या, तांदळातले खडे. भाजीची देठे, साली, कोंडा गाईच्या पाटीत जाई. गाय आपली नसली तरी गल्लीतल्या गवळ्याची असेच. चुलीची राख भांड्यांना, नारळाची शेंडीही भांड्यांना, करवंटी बंबात. लुगड्याचे आयुष्य तर ऐकण्यासारखे आहे. नऊवारी लुगडे मध्ये विरले की विरलेला भाग कापून काढायचा आणि दोन धड तुकडे दंड घालून जोडायचे. तेही जीर्ण झाले की त्याची बाळाला दुपटी, मग गोधडी, गोधडी फाटली की पोतेरे, आणि पोतेऱ्याच्याही चिंध्या झाल्या की त्या बंब पेटवायला. दुपारच्या वेळी बोहारीण येई. जुन्या कपड्यांवर एक पातेले मिळवायला तास तास घासाघीस चाले, आणि त्यात सगळ्या वाड्यातल्या बायका पंच म्हणून बसत. रद्दीवाला वेगळा, बाटलीवाला वेगळा, कल्हईवाला वेगळा. प्रत्येक जिनसेला दारी येणारा माणूस ठरलेला होता.

आमची मामी मुंबईला परळला राहायची. तिच्याकडे आरेचे दूध काचेच्या बाटलीतून येई. सरकारने आरेची दूध वसाहत 1949 साली वसवली, तिथले ते दूध. रिकामी बाटली धुऊन परत दिली तरच भरलेली मिळायची. बाटली फुटली तर घरात सुतक पडल्यासारखे होई, असे ती सांगायची.

आता हे सारे पर्यावरणासाठी चालले होते, अशी कोणी समजूत करून घेऊ नये. वस्तू महाग होत्या आणि हातात पैसा कमी होता. काटकसरीचा तो भार मुख्यतः बाईच्याच अंगावर होता. दंड घालायला पुरुष बसत नव्हते. म्हणून 'जुने ते सोने' असा गळा काढायचा माझा विचार नाही. एवढेच दाखवायचे आहे की, जिन्नस एकमेकांत मिसळले नव्हते तोवर त्यांना घाण हे नाव पडले नव्हते. उकिरड्याचेही तसेच. बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो, असे आपण सहज म्हणतो. माझ्या माहेरच्या गावी तर त्याला बारा वर्षे थांबावे लागत नसे. दर उन्हाळ्यात पावसाआधी त्याच्या गाड्या भरून शेतावर जात.

शहराचा उकिरडासुद्धा एके काळी असाच शेतावर जात असे, हे वाचून मला नवल वाटले. पुण्यात नगरपालिका आली 1857 साली. पुढे 1870 च्या दशकात खडकवासल्याचे धरण उभे राहिले, मुठेचे कालवे निघाले आणि त्यांच्या काठाने उसाचे मळे झाले. उसाला खत फार लागते. शहरातल्या मैल्यात राख आणि केर मिसळून, तो उन्हात वाळवून त्याचे खत करीत, आणि मळेवाले ते पैसे मोजून नेत. त्याला नावच होते सोनखत.

पण या सोन्याची दुसरी बाजू सांगितल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. ते वाहून कोण नेत होते? ठरावीक जातीत जन्मलेली माणसे. पाट्या त्यांच्या डोक्यावर, आणि मोबदला म्हणून पोटापुरते आणि वर विटाळ. हे काम माणसाकडून करून घेण्याला कायद्याने बंदी झाली ती 1993 साली, आणि तो कायदा अपुरा पडला म्हणून 2013 साली दुसरा करावा लागला. सोनखताची आठवण काढताना हे ओझे विसरून चालणार नाही. आपल्याकडे कचऱ्याचा प्रश्न हा पहिल्यापासून, तो कोणाच्या डोक्यावर ठेवायचा, हाच प्रश्न होता.

1896-97 चा प्लेग सगळ्यांना ठाऊक आहे. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करताच 10 मार्च 1897 रोजी गेल्या. तेव्हापासून लोकांच्या मनात घाणीची धास्ती बसली असावी. ती योग्यच होती. परंतु घाण दूर नेऊन टाकली की आपण सुटलो, ही समजूतही त्यातूनच वाढली, असे मला वाटते.

दूर नेऊन टाकण्यापेक्षा तिथल्या तिथे तिचे चांगले करावे, असा आग्रह धरणारी माणसे आपल्याकडे होऊन गेली, आणि त्यांच्याविषयी शाळेत कोणी शिकवत नाही म्हणून इथे थोडे सविस्तर लिहिते. अप्पासाहेब पटवर्धन यांना लोक कोकणचे गांधी म्हणत. 1932 साली ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तिथे त्यांनी भंगीकाम मागितले. उच्च जातीच्या कैद्याला ते काम द्यायला अधिकारी तयार होईनात, म्हणून अप्पासाहेबांनी अन्न सोडले. ही बातमी आपल्या येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींना कळली, तेव्हा त्यांनीही अप्पासाहेबांच्या पाठिंब्यासाठी उपवास धरला. स्वातंत्र्यानंतर अप्पासाहेबांनी कणकवलीला गोपुरी आश्रम काढला आणि मैल्याला माणसाचा हात न लागता त्याचे खत होईल असे संडास बांधून दाखवले.

हाच ध्यास घेतलेले डॉक्टर आपल्या शेजारी देहूला होते. डॉ. सुहास विठ्ठल मापुसकर 1959 साली देहूच्या आरोग्य केंद्रावर आले. गोळ्या देऊन जंत जात नाहीत, घाण गेली पाहिजे, हे त्यांनी ओळखले, आणि दवाखाना सांभाळून संडासांचे आणि त्यांना जोडलेल्या गॅसचे प्रयोग केले. सरकारने त्यांना पद्मश्री दिली ती 2017 साली, मरणोत्तर. तुकोबांच्या दर्शनाला आपण किती वेळा गेलो असू! पण हे नाव आपल्यापैकी कितीजणींनी ऐकले होते?

खताचे शास्त्रही आपल्याच मुलखाच्या जवळ घडले. इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड नावाचे इंग्रज शेतीशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी पालापाचोळा, काडीकचरा, शेण, माती आणि राख यांचे थर रचून खत करण्याची रीत बसवली आणि 1931 साली तिचे पुस्तक प्रसिद्ध केले. ती 'इंदूर पद्धत' म्हणून जगभर गेली. ती वाचली तेव्हा मला ती ओळखीची वाटली. ढिगात कोरडे आणि ओले दोन्ही हवे, ओलावा पिळलेल्या फडक्याइतका, आणि मधूनमधून खालीवर करून आत हवा खेळवली पाहिजे. मग ढीग आतून तापतो, त्यात वाफ धरते आणि दुर्गंधी येत नाही. हवा कोंडली की मात्र तोच ढीग सडतो. इडलीचे पीठ आंबणे आणि उसळ विटणे यांत जो फरक, तोच इथे आहे.

मग हे सगळे बिघडले कुठे? एकाच जागी बोट ठेवता येणार नाही. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले. नदीकाठच्या पेठांतले वाडे वाहून गेले, आणि माणसे गावाबाहेरच्या नव्या वसाहतींत राहायला गेली. पुढे वाडे पाडून इमारती झाल्या. परसू गेले, गोठा गेला, बंब गेला. चुलीबरोबर राख गेली आणि भांड्यांना पावडर आली. त्यानंतर प्लास्टिक आले. दूध पिशवीत, तेल पिशवीत, मीठ पिशवीत. पिशवी इतकी स्वस्त की तिला परत न्यायला कोणी येईना. आणि तिच्याच पोटात आपण भाजीची साले घालून, गाठ मारून, कोपऱ्यावरच्या कचराकुंडीत भिरकावू लागलो. साले नुसती टाकली असती तर माती झाली असती. पिशवी नुसती दिली असती तर विकली गेली असती. दोन्ही एकत्र बांधल्यामुळे दोन्ही वाया गेली.

हा बांधलेला माल प्रथम कोथरूडला जाई. पौड रस्त्यावरचा 'कचरा डेपो' जुन्या पुणेकरांच्या तोंडी अजून आहे. त्या जागेवर आज मेट्रोची कारशेड आहे. 6 मार्च 2022 पासून वनाजहून गाडी सुटते. कोथरूडला बंगले झाले, तिथल्या लोकांचा शब्द चालू लागला, तेव्हा कचरा निघाला शहराच्या दुसऱ्या टोकाला, सासवडच्या रस्त्यावर, उरुळी देवाचीला. आपल्यापैकी ज्या माउलींच्या पालखीबरोबर चालल्या आहेत त्यांना हे गाव ठाऊक आहे. हडपसर मागे पडले की दिवे घाटाच्या आधी ते लागते. गावाच्या नावातच देव आहे, आणि त्याच्या शिवारात आपण डोंगर उभा केला तो कशाचा, तर आपल्या घरातल्या उरल्यासुरल्याचा.

अशा डोंगरात हवा जात नाही. आत ओले सडते, त्यातून पेट घेणारा वायू निघतो, आणि उन्हाळ्यात आग लागली की दिवसेंदिवस धुमसत राहते. पावसाळ्यात त्यातून काळे पाणी झिरपते ते जमिनीत आणि जमिनीतून विहिरीत. उरुळी आणि शेजारचे फुरसुंगी इथल्या विहिरी अशाच नासल्या. ज्या बायका आपल्या दारच्या विहिरीचे पाणी शेंदत होत्या, त्या टँकरची वाट पाहत बसल्या. गावकऱ्यांनी पुन्हा पुन्हा कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. 2017 च्या उन्हाळ्यात डेपोला आग लागली, तेव्हा तीन आठवड्यांहून अधिक काळ त्यांनी गाड्या येऊ दिल्या नाहीत. पुण्याच्या चौकाचौकांत ढीग साचले. त्या वेळी आपल्याकडे पुष्कळ आरडाओरडा झाला, नाकाला पदर लावून आपण नगरसेवकाला बोल लावले. पण तीन आठवड्यांत आपल्याला जे सोसवेना ते त्या गावांनी वर्षानुवर्षे सोसले होते, हे म्हणणारी बाई मला तरी क्वचितच भेटली.

आता बायकांच्या चळवळीकडे येते. 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातून आणि इतर कोरड्या भागांतून पुष्कळ कुटुंबे पुण्यात आली. त्यांतल्या अनेक दलित बायकांना दुसरे काम मिळेना. त्या कचराकुंडीत उतरून कागद, काच, पत्रा वेचू लागल्या. डोक्यावर पोते, हातात आकडा, पायांत कधी चप्पल तर कधी तीही नाही. कुत्री मागे लागत, पोलीस चोर समजून हटकत. 1990 च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या कार्यकर्त्या या वस्त्यांत साक्षरतेचे वर्ग घेत होत्या. पूर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण ही त्यांतली दोन नावे. त्यांच्या ध्यानात आले की, घरातच ओले आणि सुके वेगळे करून या बायकांच्या हाती दिले, तर त्यांना कुंडीत उतरावेच लागणार नाही.  1993 साली डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. वेचणाऱ्या बायकांना ओळखपत्रे मिळाली. आम्ही शहराचा खर्च वाचवतो, आम्ही कामगार आहोत, असे त्या मोठ्याने म्हणू लागल्या. 2008 साली त्यांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली आणि महापालिकेने तिच्याशी करार केला. आज तीन हजारांवर सभासद त्यात आहेत. प्रत्येक घराने द्यायची महिन्याची रक्कम आणि सुका माल विकून येणारे पैसे, ही त्यांची कमाई. करार मुदतीचा असतो. 2020 साली तो संपला तेव्हा या बायकांचे पुढे काय, ही चिंता मोठी झाली होती.

दिल्लीत न्यायालयातही हाच विषय चालला होता. अलमित्रा पटेल या बाईंनी 1996 साली सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. त्यातून 2000 साली शहरांच्या कचऱ्याचे नियम झाले, आणि 2016 च्या नियमांनी ओला, सुका आणि घातक असे तीन भाग घरातच करणे बंधनकारक केले. आपल्या राज्यात 26 जुलै 2005 च्या पावसानंतर प्लास्टिक पिशवीवर सर्वांची नजर गेली. त्या दिवशी मुंबईत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, आणि तुंबलेल्या नाल्यांतून प्लास्टिकही निघाले. 2018 च्या मार्चमध्ये राज्याने बंदीचा हुकूम काढला. बंदीनंतर थोडे दिवस कापडी पिशव्यांना बरे दिवस आले, मग भाजीवाल्याच्या गाडीखालून पातळ पिशवी पुन्हा डोके काढू लागली. मागणारे आपणच.

मंडळाच्या पानावर लिहीत आहे, म्हणून हळदीकुंकवाविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. संक्रांतीला पूर्वी सुगडात बोरे, गाजर, हरभरा, उसाचे करवे असत. सगळे शेतातले, सगळे मातीत जाणारे. हल्ली वाण म्हणून आपण प्लास्टिकचे डबे, चाळण्या, साबणाच्या पेट्या लुटतो. एका महिन्यात आपल्यापैकी प्रत्येकीच्या घरी वीसपंचवीस तरी जमतात. त्यांतले चार वापरात राहतात. बाकीचे पुढच्या वर्षी दुसरीला, तिसऱ्या वर्षी तिसरीला, आणि अखेर उरुळीच्या वाटेला. माझ्या मते गुळाची ढेप, मूठभर तीळ, कापडी पिशवी, तुळशीचे रोप यांनी सौभाग्य कमी होत नाही. ज्यांना राग येईल त्यांनी माझ्याशी भांडावे, मी तयार आहे.

आणखी एक नाजूक गोष्ट. बाळाचे लंगोट आणि आपले महिन्याचे पॅड कागदात गुंडाळून, वर लाल ठिपका काढून वेगळे द्यावेत, असे या कचरा घेणाऱ्या बायकांनीच सुचवले आहे. नाहीतर त्यांना ते उघड्या हाताने सुक्यातून निवडावे लागतात. सोनखताच्या पाटीत आणि यात अंतर किती, याचा विचार ज्याने त्याने करावा. पोटीमा काढायला लागतो जेमतेम एक क्षण.

राहिला ओला भाग. घरच्या कचऱ्यात निम्म्याहून अधिक तोच असतो. आमच्या इमारतीत तो आता बाहेर जात नाही. गच्चीवर विटांचे दोन हौद आहेत. एक भरत असतो तेव्हा दुसरा मुरत असतो. तळाशी नारळाच्या शेंड्या आणि वाळका पाला, त्यावर रोजचा ओला, त्यावर पुन्हा मूठभर पाला. विरजण म्हणून आंबट ताक शिंपडले. पहिल्या महिन्यात चिलटे झाली तेव्हा तिसऱ्या मजल्यावरून तक्रार आली. पाला वाढवला, ओला थोडा वाळवून घातला, चिलटे गेली. तेलकट उरलेसुरले आणि आमटी त्यात ओतायची नाही, ओतली की वास सुटतो. सुमारे तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या मातीसारख्या वासाचे खत तयार होते. असे करणाऱ्या सोसायट्यांना महापालिकेने मालमत्ता करात सवलत ठेवलेली आहे. तेवढ्याने का होईना, पण आमच्याकडचे दोन पुरुष सभासद राजी झाले.

सुका माल घ्यायला येणाऱ्या मावशींना मी विचारले, आमचे वेगळे केलेले मिळू लागल्यापासून तुम्हाला फरक काय पडला? त्या म्हणाल्या, हात धुवायला साबण कमी लागतो, आणि कागद ओला नसला की भाव बरा येतो. त्या सकाळी साडेआठला येतात. त्यांना महिन्याचे पैसे द्यायला काही घरे अजून कुरकुरतात, ते वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत घ्यावे, अशी सूचना मी चिटणीसबाईंकडे दिली आहे.

गच्चीवरच्या दुसऱ्या हौदाचे खत चाळून सहा पोती झाली आहेत. तळमजल्यावर जिन्याखाली ठेवली आहेत. कुंड्यांसाठी ज्यांना हवे असेल त्यांनी सकाळी दहाच्या आत येऊन न्यावे, येताना घरची पिशवी आणावी.